रझिया, याकूत आणि जंजिऱ्याचे हबशी

कमाल अमरोही यांचा ‘रझिया सुल्तान’ हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. दिल्लीच्या तख्तावर १२३६ ते १२४० या काळात बसलेली रझिया आणि तिच्या पदरचा हबशी गुलाम जमालुद्दीन याकूत यांचे प्रेम हा त्याचा विषय. हेमा मालिनी रझिया झाल्या, धर्मेंद्र याकूत, आणि रझियाशी पुढे लग्न करणारा सरदार अल्तुनिया याच्या भूमिकेत विजयेंद्र घाटगे होते. हिंदी पडद्यावर भिन्न वंशांतल्या माणसांचे प्रेम दाखवायचे असले की त्यात बहुधा एक बाजू साहेबाची किंवा मडमेची असते. श्याम बेनेगल यांच्या ‘जुनून’मध्ये (१९७८) सत्तावन्नच्या धामधुमीतला पठाण अँग्लो-इंडियन मुलीसाठी वेडा होतो, तर ‘लगान’मधल्या (२००१) एलिझाबेथचा जीव गावच्या भुवनवर जडतो. ‘रझिया सुल्तान’मध्ये गोरे कोणीच नाही. एका बाजूला मध्य आशियातून आलेल्या तुर्कांची लेक, दुसऱ्या बाजूला आफ्रिकेतून आणलेला गुलाम, आणि दोघेही हिंदुस्थानच्या मातीत. म्हणूनच हा चित्रपट पडला असला तरी त्याचा विषय आजही महत्त्वाचा आहे.

मुरूडसमोरच्या जंजिरा किल्ल्यावर याच हबशांच्या वारसांनी तीनशे वर्षांहून अधिक काळ सत्ता चालवली. रायगडच्या या किनाऱ्यावरून पाहिले की चित्रपटातली एक मोठी उणीव लगेच नजरेत भरते. पडद्यावरचा याकूत एकटा आहे. त्याला ना भाऊबंद, ना जातगोत; गळ्यातली साखळी आणि मनातली प्रीती एवढेच त्याचे भांडवल. दख्खनच्या आणि कोकणच्या इतिहासातला हबशी असा एकटा नव्हता. त्याची मुले-मुली सुलतानांच्या आणि सरदारांच्या घरी दिली-घेतली जात. त्या सोयरिकींत मानापमान होते, विषप्रयोग होते, राजकारणही होते. फक्त त्या अशक्य नव्हत्या.

याकूतविषयी इतिहासाला जे ठाऊक आहे ते फार थोडे आहे. रझियाचा समकालीन इतिहासकार मिन्हाज-ए-सिराज हा दिल्लीचा काझी होता आणि तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी त्याने ‘तबकात-ए-नासिरी’ पूर्ण केला. न्यायी, शहाणी, प्रजेची काळजी वाहणारी, फौजेचे नेतृत्व करणारी असे रझियाचे गुण तो मोजतो, आणि ती पुरुष म्हणून जन्मली नाही तर या गुणांचा उपयोग काय, असेही विचारतो. याकूतविषयी तो सांगतो ते एवढेच, की हा हबशी ‘अमीर-ए-आखूर’ म्हणजे शाही पागेचा प्रमुख होता, सुलतानाच्या मर्जीतला झाला आणि त्यामुळे तुर्क अमीर चिडले. प्रेमाचा उल्लेख त्यात नाही.

पागेचा प्रमुख म्हणजे आज वाटते तशी किरकोळ जागा नव्हती. दिल्लीची सल्तनत घोडदळावर उभी होती. चांगला घोडा अरबस्तानातून, मध्य आशियातून आणावा लागे आणि तो कोणाला मिळणार हे पागेच्या प्रमुखाच्या हाती असे. ही पदे अल्तमशने विकत घेऊन वाढवलेल्या तुर्की गुलाम सरदारांच्या गटाला आपलीच वाटत. या सरदारांच्या मुठीतून सुटायचे तर त्यांच्या बाहेरची माणसे वर आणणे रझियाला भाग होते. याकूतची नेमणूक त्या धोरणात नीट बसते. १२४० साली भटिंड्याचा सुभेदार अल्तुनिया याने बंड केले. रझिया त्याच्यावर चालून गेली, पण तिचे अमीरच उलटले. याकूत मारला गेला आणि ती भटिंड्यात कैद झाली. दिल्लीत तिचा भाऊ बहराम तख्तावर बसला. मग तिने अल्तुनियाशीच लग्न केले, दोघे मिळून दिल्लीवर निघाले, हरले, आणि त्याच वर्षी कैथलजवळ मारले गेले. ज्याच्या बंडात याकूतचा बळी गेला त्याच्याशीच तिने संसार मांडला, ही गोष्ट प्रेमकथेत बसवायला अवघडच होती.

मग प्रेमकथा आली कुठून? तिचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रात आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ साली दिल्लीकरांना दौलताबादला हलवले, त्यांत इसामी नावाचा एक तरुण होता. तो दख्खनमध्येच राहिला, आणि बहमनी राज्याचा पहिला सुलतान अलाउद्दीन हसन याच्या आश्रयाने १३५० च्या सुमारास त्याने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फारसी महाकाव्य रचले. रझिया मारली गेल्यानंतर एक शतक उलटून गेले होते. रझिया घोड्यावर बसताना याकूत तिच्या दंडाला धरून तिला चढवी, हे दृश्य इसामीने रंगवले. बाईने चरखा चालवत घरात बसावे, राज्याच्या भानगडीत पडू नये, असा उपदेशही त्याने त्याच ओघात केला. हिंदुस्थानातील चरख्याचा सर्वांत जुना निःसंशय उल्लेख म्हणून तंत्रज्ञानाचे इतिहासकार हाच उल्लेख दाखवतात, आणि तो एका राणीला हिणवण्यासाठी आलेला आहे. त्याच शतकात इब्न बतूताने रझियावर तिच्या हबशी गुलामाशी संबंध असल्याचा संशय होता असे नोंदवले. पुढच्या काळातल्या इतिहासकारांनी दंडावरचा हात काखेत नेला. दरबारातल्या सत्तेच्या भांडणाचे असे हळूहळू चारित्र्याच्या प्रकरणात रूपांतर झाले. बाईने पागेचा प्रमुख बदलला म्हणून तिला मारले, हे सांगण्यापेक्षा तिचा काळ्या गुलामावर जीव जडला म्हणून ती बुडाली, हे सांगणे सोपे होते.

अमरोही यांनी या कुजबुजीतला निंदेचा भाग काढून टाकला आणि तिला उदात्त प्रेमाचे रूप दिले. त्यांच्यापुरते पाहिले तर हे मोठेपणाचे काम होते. ‘महल’ (१९४९) आणि ‘पाकिजा’ (१९७२) करणारा हा दिग्दर्शक वर्षानुवर्षे एकेका चित्रपटात गुंतून राहत असे. ‘रझिया सुल्तान’ही किती रखडला हे त्याच्या गीतांवरूनच कळते. मुख्य गीतकार जाँ निसार अख्तर १९७६ मध्येच वारले. उरलेली गाणी निदा फाजली आणि कैफ भोपाली यांनी लिहिली, आणि चित्रपट त्यानंतर सात वर्षांनी पडद्यावर आला. संगीत खय्याम यांचे. लता मंगेशकरांनी गायलेले वाळवंटातले गाणे आजही रेडिओवर लागते. त्यात दोन ओळींच्या मध्ये सोडलेली शांतता ही खय्याम यांची मोठी करामत आहे.

याकूतच्या आवाजासाठी अमरोहींना नेहमीचा पार्श्वगायक नको होता. सैनिकाचा, गुलामीत वाढलेल्या माणसाचा, न घोटलेला आवाज हवा होता. तो त्यांना आकाशवाणीचे निवेदक कब्बन मिर्झा यांच्यात सापडला. मिर्झांनी गायलेल्या दोन गाण्यांत जड, खालच्या पट्टीतला, सरावाचा गुळगुळीतपणा नसलेला स्वर आहे. याकूतचे माणूसपण या चित्रपटात सर्वांत जास्त कुठे जाणवत असेल तर त्या स्वरात.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र एवढा शोध घेतला गेला नाही. धर्मेंद्र यांना काळा रंग फासून हबशी केले गेले. त्या काळच्या रंगभूमीला आणि चित्रपटाला ही पद्धत परकी नव्हती. लॉरेन्स ऑलिव्हिए १९६५ च्या ‘ऑथेल्लो’ चित्रपटात असाच काळा रंग लावून उभा राहिला होता. ऑथेल्लोची, म्हणजे काळ्या सेनापतीची आणि गोऱ्या उमरावकन्येची कथा मराठी वाचकालाही जुनी: महादेवशास्त्री कोल्हटकरांनी तिचे भाषांतर १८६७ साली केले, आणि गो. ब. देवलांनी तिच्यावरून १८९० मध्ये ‘झुंझारराव’ रंगमंचावर आणले. रंग लावून काळेपण दाखवण्याचा तोटा हा, की मग तो माणूस कुठला, कसा आला, त्याची भाषा कोणती, त्याचे नातलग कुठे आहेत, हे प्रश्न पडतच नाहीत. रंग हीच त्याची सगळी ओळख होऊन बसते. ‘रझिया सुल्तान’मध्ये नेमके हेच झाले. त्यात संवाद इतक्या फारसीमिश्रित उर्दूत की सामान्य प्रेक्षकाला ते उमगेनात. चित्रपट आपटला आणि अमरोहींनी पुढे दुसरा चित्रपट केला नाही.

याच सुमारास परदेशातही वंशभेद ओलांडणाऱ्या नात्यांवरचे ऐतिहासिक चित्रपट एकामागून एक येत होते. जेम्स आयव्हरी यांचा ‘हीट अँड डस्ट’ १९८३ चाच. त्यात इंग्रज अधिकाऱ्याची बायको संस्थानी नवाबाच्या प्रेमात पडते. निर्माते होते मुंबईचे इस्माईल मर्चंट. डेव्हिड लीन यांचा ‘अ पॅसेज टु इंडिया’ १९८४ मध्ये आला. या चित्रपटांत राज्यकर्ते गोरे आणि प्रजा सावळी, हा आकृतिबंध ठरलेला असतो आणि प्रेक्षकाला तो ओळखीचा असतो. ‘रझिया सुल्तान’पुढचे काम त्याहून कठीण होते, कारण आफ्रिकी माणूस हिंदुस्थानात राज्यकर्त्यांच्या पंगतीला कसा बसला हे प्रेक्षकाला कोणी शिकवलेलेच नव्हते. त्याचे उत्तर दिल्लीपेक्षा दख्खनमध्ये स्पष्ट मिळते.

हबसाण म्हणजे इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातली मुले पकडून तांबड्या समुद्रापलीकडे विकली जात. तिथून बगदाद, मोखा अशा बाजारपेठांतून ती कोकणच्या बंदरांत पोहोचत आणि पुढे घाटावरच्या दरबारांत जात. विजापूर आणि अहमदनगरच्या सरदारांना ती शेतात राबवायला नको होती. फौज आणि घर यांसाठी हवी होती. घरदार तुटलेले, जहागीर नसलेले, भाऊबंदकीत न अडकलेले असे हे तरुण केवळ धन्याशी निष्ठा ठेवत. पण ही गुलामगिरी बहुधा धन्याबरोबर संपे. धनी मेला की हबशी मोकळा होई आणि आपली तलवार घेऊन दुसऱ्या सरदाराकडे जाई. त्याची मुले स्वतंत्र माणसे म्हणून वाढत. दख्खनी दरबारांत इराणी-तुराणी परदेशी एका बाजूला आणि स्थानिक दख्खनी मुसलमान दुसऱ्या बाजूला असे गट होते, आणि हबशी बहुतेक वेळा दख्खन्यांच्या बाजूने उभे राहत. आफ्रिकेतून आलेला माणूस इथलाच ठरे तो असा.

मलिक अंबर हे या व्यवस्थेचे सर्वांत मोठे उदाहरण. सुमारे १५४८ मध्ये जन्मलेला आणि लहानपणी चापू नाव असलेला हा मुलगा अनेकदा विकला जाऊन अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हा स्वतः हबशीच होता. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मोगलांनी १६०० मध्ये अहमदनगर घेतले, तेव्हा अंबरने निजामशाही घराण्यातल्या एका तरुणाला परांड्याला आणून मुर्तझा निजामशाह म्हणून तख्तावर बसवले, आणि आपली मुलगी त्याला दिली. कधीकाळी बाजारात विकला गेलेला माणूस सुलतानाचा सासरा झाला. पुढे अंबरच्या मुलाचे लग्न विजापूरच्या एका बलाढ्य हबशी सरदाराच्या मुलीशी झाले. त्या सरदाराचे नाव याकूतखान.

ही सोयरीक सुखाची झाली असे नाही. डच व्यापारी पीटर फान डेन ब्रूक १६१७ मध्ये अंबरला भेटला होता. त्याने दरबारात ऐकलेली हकीकत अशी: सुलतानाच्या गोऱ्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि अंबरविषयीही अपशब्द काढले. मुलीने ते बापाच्या कानावर घातले. अंबरने सुलतान आणि ती राणी, दोघांनाही विष देववले, आणि सुलतानाच्या पाच वर्षांच्या मुलाला तख्तावर बसवले. हे १६१० चे. ब्रूकची हकीकत ऐकीव आहे. पण ज्यांच्यात ती सांगितली जात होती त्या माणसांना वर्णाचा टोमणा सुलतानाच्या खुनाला पुरेसे कारण वाटत होता, एवढे तिच्यावरून नक्की कळते. चित्रपटासाठी हा प्रसंग रझियाच्या कथेपेक्षा किती तरी भरीव आहे. यात रंगाचा तिरस्कार आहे, जनानखान्यातल्या सवतींची ठिणगी आहे, आणि अपमान झालेली बाजू दुबळी नाही. मोगल बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला त्याच्या काळ्या वर्णावरूनच शिव्या घालतो. अबुल हसनने काढलेल्या एका प्रसिद्ध चित्रात भाल्याच्या टोकावर अंबरचे तुटलेले मस्तक असून जहांगीर त्याच्यावर बाण सोडतो आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात ते चित्र आहे. प्रत्यक्षात जहांगीरला ते मस्तक कधीच मिळाले नाही. अंबर १६२६ मध्ये वृद्धापकाळाने वारला आणि खुलदाबादला त्याची कबर आहे.

निजामशाही बुडाल्यावर हबशी सत्तेचे जे एक ठाणे टिकले ते जंजिरा. अलिबागहून रेवदंडा-कोर्लईमार्गे दक्षिणेला गेले की मुरूड लागते, आणि राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी समुद्रातल्या खडकावर हा किल्ला उभा दिसतो. इथल्या कोळ्यांच्या मेढेकोटाचा रामा पाटील आणि त्याला फसवून बेट घेणारा पिरमखान यांची कथा किनाऱ्यावर घरोघरी माहीत आहे. सतराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापासून शिद्दी, म्हणजे हबशी, सरदार इथे स्वतंत्रपणे वागू लागले. त्यांची गादी सुरुवातीला बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे. सरदार मंडळी आपल्यातला कर्तबगार माणूस पुढे करत. शिवाजी महाराजांच्या मोहिमांनी शिद्दी फत्तेखान जेरीस आला आणि किल्ला सोडून द्यायला तयार झाला, तेव्हा संबूल, कासम आणि खैरियत या तिघा शिद्द्यांनी त्यालाच कैद केले आणि मोगलांचे आरमार म्हणून चाकरी धरली. संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून समुद्रात भर घालून किल्ल्यापर्यंत वाट नेण्याचा प्रयत्न केला. तोही तडीस गेला नाही.

यांतल्या कासमला औरंगजेबाकडून याकूतखान हा किताब मिळाला. १६८९ मध्ये या याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली, माझगाव आणि माहीम घेतले, आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. कंपनीने औरंगजेबापुढे नाक घासल्यावरच, १६९० मध्ये, तो परत फिरला. मुरूडजवळ खोकरी गावात दगडी घुमट आहेत. सर्वांत मोठा शिद्दी सिरुलखानाचा, धाकटे दोन याकूतखान आणि खैरियतखान यांचे. नक्षीच्या जाळ्या, कमानी आणि ओवऱ्या पाहिल्या की गुलाम या एका शब्दात न मावणारी माणसे समोर येतात. चित्रपटातला याकूत साखळीने ओळखला जातो. या किनाऱ्यावर त्याच नावाचा माणूस मुंबईला वेढा घालणारा दर्यासारंग म्हणून ओळखला गेला.

शिद्द्यांबरोबर आफ्रिकेतून बायका फारशा आल्या नाहीत. लग्ने इथल्याच मुसलमान घरांत, दख्खनी आणि कोकणी कुटुंबांत होत राहिली. गुलामांचा नवा पुरवठा आटला आणि चार-सहा पिढ्यांत दख्खनमधला हबशी हा वेगळा समूह म्हणून जवळजवळ दिसेनासा झाला; तो भोवतालच्या समाजात मिसळून गेला. याकूतला मरावे लागले म्हणून प्रेमकथा लक्षात राहते. जे मेले नाहीत, ज्यांनी लग्ने केली, ज्यांच्या घरी पाळणे हलले, त्यांच्या कथा वंशावळीत जिरून गेल्या.

जंजिऱ्याच्या नवाबांच्या घरातली एक सोयरीक मात्र चांगलीच नोंदली गेली आहे. नवाब सिदी अहमदखान यांची पत्नी नाझली बेगम ही मुंबईच्या फैजी घराण्यातली, सुलेमानी बोहरा समाजाची. हे घराणे बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या गोतावळ्यातले, व्यापारी आणि शिकलेले. आफ्रिकी मुळांचा संस्थानिक आणि अरबी मुळे सांगणाऱ्या व्यापारी कुळातली मुलगी, असे हे लग्न होते. नाझली आणि तिची बहीण अतिया यांच्यामुळे मुरूडच्या राजवाड्यात पाहुण्यांची ये-जा वाढली. उर्दूचे थोर विद्वान शिबली नोमानी तिथे राहून गेले. १९०८ मध्ये नवाब आणि बेगम युरोपच्या प्रवासाला गेले, आणि त्या प्रवासाचे वर्णन नाझलीने उर्दूत लिहिले. त्यांना मूल झाले नाही आणि १९१३ च्या सुमारास हे लग्न मोडले.

अतियाचे लग्न याहून वेगळे. तिने १९१२ मध्ये सॅम्युएल रहामिन या चित्रकाराशी विवाह केला. रहामिन पुण्यात जन्मलेले बेने इस्रायल ज्यू. त्यांनी लंडनच्या रॉयल ॲकॅडमीत शिक्षण घेतले होते. बेने इस्रायल समाजाचे मूळ याच किनाऱ्यावर आहे. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या माणसांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरा आहे, आणि तेलाचे घाणे चालवणारे, शनिवार पाळणारे हे लोक अष्टागरात शनवार तेली म्हणून ओळखले जात. रहामिन यांनी लग्नासाठी इस्लाम स्वीकारला आणि पती-पत्नींनी एकमेकांची आडनावे जोडून फैजी-रहामिन हे नाव घेतले. नवऱ्याने बायकोचे आडनाव आपल्या नावात घ्यावे, ही १९१२ साली धीट गोष्ट होती. फाळणीनंतर ते कराचीला गेले.

या किनाऱ्याचा चित्रपटाशी आणखी एक धागा आहे, आणि तो थेट पहिल्या भारतीय बोलपटापर्यंत जातो. जंजिऱ्याच्या गादीवरच्या भांडणात बाजूला पडलेला शिद्दी अब्दुल करीम, म्हणजे बाळूमियाँ, याने आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि १७९१ मध्ये बदल्यात सुरतेजवळची सचिनची जहागीर घेतली. पेशव्यांच्या हाती जंजिरा कधीच लागला नाही, सचिनचे संस्थान मात्र उभे राहिले. त्या घराण्यातले नवाब सिदी इब्राहिम मुहम्मद याकूतखान यांच्याशी फातमा बेगम या अभिनेत्रीचे नाव जोडले जाते. लग्नाचा लेखी पुरावा नाही आणि नवाबांनी तिच्या मुलींना आपल्या म्हणून स्वीकारल्याचेही नोंदलेले नाही. तरीही फातमा बेगमच्या मुली या नवाबाच्या, असे चित्रपटसृष्टीत सर्रास मानले गेले. स्वतः फातमा बेगमने १९२६ मध्ये ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, आणि भारतातली पहिली स्त्री-दिग्दर्शक म्हणून तिचे नाव घेतले जाते. तिची मुलगी झुबेदा १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या ‘आलम आरा’ची नायिका झाली. ज्यांच्या नाटकावरून तो बोलपट घेतला ते जोसेफ डेव्हिड पेणकर हे बेने इस्रायल होते, आणि त्यांच्या आडनावात पेण आहे. हिंदी चित्रपटाला हबशी माणूस दूरच्या वाळवंटातून आणायची गरज नव्हती. तो त्याच्या पहिल्या घरातच होता.

रायगडच्या किनाऱ्यावर वंशांची सरमिसळ एकट्या शिद्द्यांनीच केली असे नाही. मुरूडच्या उत्तरेला कोर्लईत ती वेगळ्या वाटेने झाली. पोर्तुगीज चौलला १५०५ च्या सुमारास आले, १५२१ मध्ये त्यांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, आणि १५९४ मध्ये कुंडलिकेच्या मुखाशी असलेला कोर्लईचा डोंगर निजामशाहीकडून जिंकला. पोर्तुगालहून बायका येत नसत. गोवा जिंकल्यावर आफोंसो द आल्बुकर्कने आपल्या सैनिकांना इथल्या बायकांशी लग्न करून वसायला लावले होते, आणि तेच धोरण चौलपर्यंत चालले. या लग्नांना प्रेमकथा म्हणताना सावध राहायला हवे. यातल्या कितीतरी बायका लढाईत पकडलेल्या, दासी म्हणून आणलेल्या, बाप्तिस्मा देऊन सैनिकांच्या हाती सोपवलेल्या होत्या. याकूतने रझियाकडे पाहिले तर तो गुन्हा ठरला. सैनिकाने दासी घरात घेतली तर ती राज्याची सोय ठरली. वंशभेद ओलांडणाऱ्या संबंधांत सत्ता कोणाकडे होती हे आधी विचारावे लागते, आणि ते विचारल्याशिवाय केलेला ऐतिहासिक चित्रपट अर्धाच राहतो.

१७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी आणि श्रीमंत घरे निघून गेली. गरीब ख्रिस्ती शेतकरी कोर्लईच्या पायथ्याला राहिले. भोवती हिंदू आणि मुसलमान वस्ती, आपल्या धर्माची वस्ती दूर, म्हणून त्यांची लग्ने आपसांतच होत राहिली आणि घरात बोलली जाणारी मिश्र भाषा टिकली. तिला ते ‘नो लिंग’ म्हणजे आमची भाषा म्हणतात. तिच्यातले बहुतेक शब्द पोर्तुगीज मुळाचे आहेत, पण वाक्याची चाल मराठीच्या वळणाची: क्रियापद शेवटी येते. अमेरिकी भाषावैज्ञानिक जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या भाषेचा अनेक वर्षे अभ्यास करून १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे हजाराच्या आसपास आहेत, मुलांचे शिक्षण मराठीत होते, आणि माउंट कार्मेल चर्चच्या भोवतालची ही घरे मासळी, भाजीपाला आणि मुंबईतल्या नोकऱ्यांवर चालतात.